मयत जाईपर्यंत

८ ऑक्टोबर

ललित हो म्हणून मोकळा झाला! मला विचारलं नाही, पथकात कुणालाच विचारलं नाही. कॉलेज रोडला त्या कार्यक्रम ठरवणाऱ्या मनोजच्या ऑफिसात जाऊन बसला, एसीची हवा खाल्ली, कॉफी प्यायला आणि हो म्हणून आला. नोव्हेंबरात आपलं ढोल पथक परदेशात. त्यांचा कसलासा राष्ट्रीय उत्सव. आपण सरकारी पाहुणे. विमान, हॉटेल, जेवण — सगळं त्यांचं.

विचारलं, देश कुठला? त्याने नाव सांगितलं. म्हटलं, अरे, हा तर आमच्या वरच्या मीनाचा देश! तर म्हणतो, "मग चांगलंच आहे की ताई, ओळख निघाली."

ओळख! धाकटा भाऊ आहे माझा, पण याच्या डोक्यात ढोल सोडून दुसरं काही वाजतच नाही.

पथक आम्ही दोघांनी उभं केलं. तो प्रमुख, मी पहिला ताशा. ताशा बोलल्याशिवाय ढोलावर टिपरू पडत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि एवढी मोठी गोष्ट ताशालाच शेवटी कळते. हद्द झाली.

९ ऑक्टोबर

मीनाला सांगितलं. मंगलाबाईंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते, फार्मसीला शिकते. खरं नाव मंगलाबाईंच्या जिभेला झेपेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिची मीना करून टाकली. मी तिच्या खाली. तिच्या कुकरच्या शिट्टीला मी माझा गॅस बंद करते, इतका शेजार.

ऐकलं आणि पोरगी जिन्याच्या पायरीवर बसलीच. तिचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, पण आज सगळं कळलं. मोठा भाऊ शाळेत गाणं शिकवायचा. एकदा चौकात, लोक जमले होते तिथे, गायला. त्या आठवड्यात घरातून नेला. कुठे ठेवलाय पत्ता नाही. आहे का, तेही माहीत नाही.

मग म्हणाली, "दीदी, आमच्याकडे सरकारचाच आवाज मोठा असतो. तुम्ही तो अजून मोठा करायला चाललात."

मी चहा ठेवला. देशाचं नाव कुठे लिहू नकोस म्हणाली, माझंही नको. म्हटलं, अगं, माझी रोजनिशी कोण वाचायला येतंय! तर म्हणाली, "आमच्याकडे पण लोक असंच म्हणायचे."

बरं बाई. नाही लिहीत.

१२ ऑक्टोबर

संध्याकाळी गोदावरीच्या काठी, आमच्या गंगेवर, सराव. सिंहस्थाच्या नावाने सगळीकडे खोदून ठेवलंय, धुळीने ताशावर ताणलेलं पानसुद्धा खोकायचं बाकी राहिलंय. त्यात ललितचं तोंड चुकवत वाजवायचं. डोक्याला नुसता ताप!

मध्येच अमरधामकडे एक मयत चालली होती. मी काड्या वर केल्या, डोक्यावर फुली धरली. ढोल जागच्या जागी बंद. टोलाची थाळी बंद. आणि आमच्या निकिताबाई? डोळे मिटून एकट्याच तडतडतायत! ललितची लेक, माझी शागीर्द, दुसरा ताशा. हात माझ्यापेक्षा हलका आहे तिचा, पण तिच्या तोंडावर सांगायची नाही मी. तिरडीबरोबरची माणसं वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मयत वळणापलीकडे गेल्यावर तिला सगळ्यांसमोर झापलं. म्हटलं, डोळे फुटले का गं? मेलेल्याला रस्ता नुसता पायांनी द्यायचा नसतो, कानांनीही द्यायचा असतो! मयत जाईपर्यंत काडी पडता कामा नये. वर बसलेला मंत्री असो की यम!

जास्तच बोलले. पण हा नियम साधा नाही. आमच्या वडिलांची, आप्पांची, तिरडी निघाली तेव्हा मालेगाव स्टँडपाशी कुणाची तरी वरात होती. बँडवाल्यांनी आपणहून वाजवणं थांबवलं. नवरदेव घोड्यावरून उतरला, हात जोडून उभा राहिला. कोण कुठला पोरगा! ललित तोवर रडला नव्हता, तिथे हमसून रडला. पथक काढलं तेव्हा पहिला नियम त्यानेच सांगितला. माझ्याआधी त्याने.

१३ ऑक्टोबर

निकिता बोलत नाही. बोलेल.

१६ ऑक्टोबर

पथकाची बैठक. मी म्हणाले, जायचं नाही. ज्या सरकारला गाणाऱ्याची भीती वाटते त्याच्यासमोर आपण वाजवायचं नाही.

मग लखन उठला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहे, कंबरेचा ढोल सोडला तर कधी कशाचा हट्ट नाही त्याचा. म्हणाला, "ताई, तुमचं खरं हाय. पण मी अजून विमान खालूनच पाह्यलंय."

ज्याला बोलणं सोपं तो चिडतो, ज्याला अवघड जातं तो असं एक वाक्य बोलून बसतो आणि आपली बोलती बंद करतो.

ललितने मात्र नेम धरून मारलं. "परवा वाढदिवसाला वाजवलंस ना त्या नगरसेवकाच्या? त्याच्यावर काय कमी केसेस आहेत? तेव्हा कुठे गेली होती तुझी नीती? गंगेत आंघोळीला?"

पोरं हसली. उत्तर मला घरी येऊन भांडी घासताना आलं — नगरसेवकाविरुद्ध गायलं तर माणूस गायब होत नाही! पण भांड्यांना सांगून काय उपयोग. आणि खरं सांगायचं तर त्या वाढदिवसाला मी मनापासून वाजवलं होतं. शिरा पण दोनदा घेतला होता.

त्याच्या पोटातलं मला माहीत आहे. परदेशात वाजवून आलेलं पथक म्हटलं की सिंहस्थाच्या मिरवणुकीत पुढचा मान. आप्पांची इच्छा होती तशी. म्हणजे माझ्या भावाला पाप करायचंय तेसुद्धा आप्पांसाठी! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. ओवाळलं. दोघेही हसलो, फोटोसाठी. त्याने तबकात पाकीट टाकलं. उघडलं तर माझं विमानाचं तिकीट.

"ओवाळणी परत करायची नसते, ताई."

तबक तसंच खाली ठेवलं. निरांजन विझलं. वहिनी म्हणाली, अहो वन्सं, सणाचं काय हे! निकिता दारात उभी राहून सगळं बघत होती. करंज्याही न घेता निघून आले. आता भूक लागलीये आणि घरात फक्त चिवडा आहे, तोही मऊ पडलेला.

२४ ऑक्टोबर

तिकीट मनोजकडे पाठवून दिलं. "मॅडम, हे कल्चर आहे, पॉलिटिक्स नाही," असा त्याचा मेसेज. वर हात जोडलेलं चित्र.

१ नोव्हेंबर

निकिता आली. चप्पल काढली नाही, दारातूनच. "आत्या, मी जातेय. पहिला ताशा मी."

माझी जागा. कधीतरी तिलाच द्यायची होती, पण अशी? मी जे नको ते बोलले. बापाची चमची म्हणाले. मीनाला जाऊन विचार म्हणाले, तिच्या भावाचं काय झालं.

"विचारलं. तिने सगळं सांगितलं मला."

"आणि तरी जातेस?"

"तू न जाऊन काय होणारे? ते दुसरं पथक आणतील. तुला घरी बसून बरं वाटेल, एवढंच ना?"

कानाखाली वाजवावीशी वाटली. खरं बोलली म्हणून.

विचारलं, तिथे जाऊन काय करणार आहेस मग? म्हणाली, "वाजवणार. तू शिकवलंयस तसंच."

गेली. मी तिच्या हातात माझ्या वेताच्या काड्या द्यायच्या म्हणून काढून ठेवल्या होत्या. राहिल्याच.

९ नोव्हेंबर

पहाटे गेले सगळे. गल्लीत नारळ फोडला, आवाज आला. मी खिडकी उघडली नाही.

दुपारी अंबडच्या कारखान्यात कामावर. पॅनलच्या वायरी तपासताना एक उलटी लागलेली सुटली माझ्या नजरेतून. असं कधी होत नाही. साहेब म्हणाले, लक्ष कुठंय मनीषाताई? म्हटलं, परदेशात.

१३ नोव्हेंबर

मंगलाबाई फोन घेऊन आल्या. "बघ गं, आपली निकिता कशी दिसतेय!" दिसत होती खरंच. नऊवारी, फेटा, कंबरेला ताशा. मागे त्यांच्या देशावर राज्य करणाऱ्या त्या साहेबाचा फोटो, एवढा मोठा की निकिता त्याच्या बटणाएवढी. मीना म्हणते तिकडे हा फोटो प्रत्येक भिंतीवर असतो. शाळेत, दुकानात, न्हाव्याकडे.

पन्नास लोकांनी मला मेसेज केले, अभिनंदन, तुमच्या पथकाने नाशिकचं नाव काढलं. कोणाकोणाला सांगत बसू की मी त्यात नाही? आणि सांगितलं तर विचारतात, का हो, भांडण झालं का? देशाचं सांगायला गेलं की म्हणतात, आपल्याला काय त्याचं! म्हणजे मी माझ्या तत्त्वाला चिकटून बसलेय आणि जगाच्या लेखी ही नणंद-भावजयीची कटकट.

वाजवतायत मात्र झकास. डाव्या बाजूचे ढोल जरा पळतायत. निकिताने बरोबर आवरले.

१५ नोव्हेंबर

नीट लिहिते.

मीना जिना उतरून धावतच आली. फोन माझ्या तोंडापुढे. रडत होती का हसत होती, कळेना. कुणीतरी गच्चीवरून, लपून काढलेला व्हिडिओ. रस्ता. आमचं पथक. समोर माणूस नाही, मांडव नाही, नुसते पोलीस. आणि ढोल असे वाजतायत की फोन फुटेल.

मग रस्त्याच्या टोकाला लोक दिसले. खांद्यावर पेटी.

निकिताने काड्या वर केल्या. डोक्यावर फुली.

सगळं थांबलं. आणि त्या शांततेत बायकांचं रडणं ऐकू आलं. ते आधीपासूनच चालू होतं! ढोलाखाली दाबलं होतं. आमच्या ढोलाखाली. मग एक म्हातारा ओरडून एक नाव घ्यायला लागला, पुन्हा पुन्हा तेच नाव. आणि वरच्या खिडक्या उघडायला लागल्या. एकेक करून. लोक खिडकीत येऊन तेच नाव घेत होते.

मीनाने सांगितलं — कोठडीत मेलेला पोरगा. पाव बनवणाऱ्याकडे काम करायचा. घरच्यांना बजावलं होतं, गाजावाजा न करता पुरा. तरीही कुणी रडलं तर ऐकू जाऊ नये म्हणून ढोल.

म्हणजे उत्सवाला बोलावलेलं नाशिकचं पथक याच्यासाठी वापरलं. सर्वांत मोठा आवाज कुणाचा, हे उत्सवात ऐकून ठेवलं असणार.

एक अधिकारी धावत आला, निकिताला धरून हलवलं. तिने काड्या खाली घेतल्या नाहीत. पेटी वळणापलीकडे जाईपर्यंत नाही. मग व्हिडिओ संपतो.

मीना तो सारखा लावत होती. मला मिठी मारली तिने. "दीदी, तुझी निकिता!" मी काय केलं होतं? मी तर घरी बसून मऊ चिवडा खात होते.

ललितचा फोन लागत नाही.

१६ नोव्हेंबर

ललितचा फोन. निकिताला हॉटेलातून नेलं. "चौकशी" म्हणतात. सगळ्यांचे पासपोर्ट काढून घेतलेत.

माझा भाऊ लहान पोरासारखा रडत होता. मी त्याला एक शब्द बोलले नाही. बोलायला काय, पोतंभर होतं माझ्याकडे.

१९ नोव्हेंबर

बाकीच्यांना परत पाठवलं. ललित आणि निकिता तिकडेच. लखन सरळ माझ्याकडे आला, तोंडही न धुता.

"ताई, उत्सव झाला होता. दुसऱ्या दिवशी परत बसमधी घातलं. हॉस्पिटलच्या रस्त्याला उभं केलं आन म्हणे वाजवा, थांबायचं नाय. आम्ही म्हटलं कोणासाठी? ऐकायला कुत्रं नाय तिथं. मग ती पेटी दिसली. आता पेटी काय आन तिरडी काय, खांदा त्यो खांदाच. निकिताच्या काड्या वर गेल्या, आमचे हात आपोआप थांबले. सवय ना ताई. तुम्हीच लावलेली."

विचारलं, त्या अधिकाऱ्याने दम दिल्यावर कुणीच नाही का वाजवलं?

"ताशाबिगर कसं वाजवायचं?" लखन म्हणाला. त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता.

जाताना म्हणाला, विमान काय एवढं खास नसतं.

२० नोव्हेंबर

तिकडच्या आपल्या वकिलातीत फोन केला. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या, धीर दिला. प्रयत्न चालू आहेत, वेळ लागेल म्हणाल्या. किती? ते कुणालाच सांगता येत नाही. वहिनी देवापुढून उठत नाही. मला बघितलं की तोंड फिरवते. नियम माझा होता ना.

मी न जाऊन हात स्वच्छ ठेवले, आणि माझ्या नियमापायी पोर आत बसली. छान! पंचवटीत एवढे देव आहेत, एकालाही विचारावंसं वाटत नाही.

२१ नोव्हेंबर

मनोज आला. आता कल्चर नाही, पॉलिटिक्स नाही, घामाने शर्ट चिकटलेला. तिकडचा निरोप घेऊन आला.

त्यांचं म्हणणं, हे ठरवून केलंय. कुणी शिकवलं? निकिता म्हणते, आमच्यात रिवाज आहे, मयत दिसली की थांबतात, आत्याने शिकवलं. रिवाज म्हटलं की त्यांची पंचाईत. म्हणजे जगभर बातमी, की हिंदुस्थानातल्या पोरीने मेलेल्याचा मान राखला, तो यांनी राखला नाही. त्यापेक्षा काडी तुटली म्हणा. ताशाची काडी तुटली, वादन थांबलं. कुणाचीच चूक नाही, त्यांच्या साहेबाचीही अब्रू वाचते. एवढं निकिताने म्हणायचं आणि घरी यायचं.

निकिता म्हणत नाही.

संध्याकाळी त्यांनी फोन जोडून दिला. निकिता! आवाज बसलेला. मी किंचाळले, "म्हण ना गं, तुटली काडी! काय जातंय तुझं? कोण बघायला बसलंय?"

"आत्या, नाही तुटली."

"मला शहाणपण नको शिकवू!"

"तूच म्हणालीस, वर मंत्री असो की यम."

तिच्या हातातून फोन काढून घेतला. मी तशीच भिंतीला टेकून बसले. माझंच वाक्य माझ्याच तोंडावर मारलं कार्टीने, आणि मला तिला दोन फटके द्यावेसे वाटत होते, आणि तिच्या पाया पडावंसंही वाटत होतं.

२२ नोव्हेंबर

आता म्हणतात, पोरगी ऐकत नाही तर तिच्या गुरूने सांगावं. मी. कॅमेऱ्यासमोर. मजकूर त्यांनीच पाठवला, हिंदीत. "हमारे यहाँ ऐसी कोई परंपरा नहीं है. छड़ी टूट गई थी." आणि शेवटी त्यांच्या साहेबांचे आभार, पाहुणचाराबद्दल.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. यांनी नाक तिचं दाबलं, तोंड माझं उघडायचंय.

ललित फोनवर म्हणाला, "ताई, बोल. मी पाया पडतो." म्हटलं, आप्पांची तिरडी आठवते का रे तुला? म्हणाला, "आठवते. तरी बोल."

वर जाऊन मीनाला सांगितलं. वाटलं, ही तरी मला नको म्हणेल. शिव्या देईल. तिने आधी मला बसवलं. मग म्हणाली, "माझ्या आईने पण असा व्हिडिओ केला, दीदी. माझा मुलगा वाईट आहे, सरकारने बरोबर केलं, असं म्हणाली. नवीन साडीसारखा कपडा घातला होता तिने. तरी नाही सोडलं त्याला." माझा हात हातात घेतला. "तुझी सुटेल. ती परदेशी आहे. बोलून टाक."

२३ नोव्हेंबर

केलं.

पिवळी साडी नेसले. मागे आप्पांचा फोटो होता, तो काढून ठेवला. पहिल्या वेळी मनोज म्हणाला, मॅडम, रडू नका, जबरदस्ती केल्यासारखं वाटतं. मग न रडता केलं.

आमच्याकडे अशी कोणतीही परंपरा नाही. काडी तुटली होती. स्पष्ट बोलले. ताशा वाजवणाऱ्या बाईचा आवाज आहे, एकेक अक्षर वेगळं ऐकू येतं. पुरावा म्हणून हातात एक तुटलेली काडी धरायची होती. घरात तुटलेली नव्हती. निकितासाठी काढून ठेवलेल्या त्या वेताच्या काड्यांतली एक गुडघ्यावर मोडली.

म्हणजे गेले नाही, तरी वाजवलंच मी त्यांच्यासाठी. घरी बसून.

२७ नोव्हेंबर

आली! आली माझी बाय!

ललितने टॅक्सीतून उतरवली. वाळलीये. वहिनीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, मंगलाबाईंनी दृष्ट काढली, गल्ली जमली. मीना जिन्यात उभी राहून रडत होती. ललित माझ्याजवळ आला, खांद्यावर डोकं ठेवलं.

निकिता सगळ्यांच्या पाया पडली. माझ्याही पडली. वर बघितलं नाही.

२८ नोव्हेंबर

तिच्यासाठी पुरणपोळी घेऊन गेले. झोपलीये म्हणाली वहिनी. आतून फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं.

२ डिसेंबर

ललित सांगत होता, सुटायच्या आदल्या दिवशी तिला एका खोलीत बसवून माझा व्हिडिओ दाखवला. मोठ्या पडद्यावर. एकदा नाही, तिने मान खाली घातली की परत पहिल्यापासून. आता तिकडच्या बातम्यांत रोज लावतात. "भारतातल्या गुरू." मीना म्हणाली, तिकडे आता लोक म्हणतात, मग ती पोरगी आमच्यासाठी नव्हतीच थांबली, काडीच तुटली होती.

तुला कसं वाटलं गं, मी मीनाला विचारलं. म्हणाली, "तुझी घरी आली ना दीदी." आणि वर निघून गेली. आज तिच्या कुकरची शिट्टी झालीच नाही.

मी काय करायला हवं होतं? कुणीतरी सांगा! ललितला विचारलं तर म्हणतो, आता विषय नको. तिकडे जायचं ठरवलं तेव्हाही विषय नको, आता पण नको. मग या घरात विषय काढायचा तरी केव्हा? मला कुणी व्हिडिओबद्दल शिव्याही देत नाही. सगळे म्हणतात, बरं केलंस. मनोजसुद्धा म्हणाला.

पोर घरी आहे. ते एक मोठं. पुन्हा वेळ आली तरी हेच करीन. आणि पुन्हा असाच राग येईल.

७ डिसेंबर

सरावाला निकिता आपणहून आली. मला बरं वाटलं. पहिल्या ताशाची जागा तिला दिली, मी दुसरीवर उभी राहिले. लखन हसला. बऱ्याच दिवसांनी गंगेवर नीट आवाज घुमला.

अमरधामकडे एक मयत निघाली. म्हाताऱ्या बाईची, हिरवं लुगडं.

मी काड्या वर केल्या. सगळ्यांची टिपरी थांबली. निकिता वाजवत राहिली. डोळे उघडे, तिरडीकडे बघत, एकटीच, मयत वळणापलीकडे जाईपर्यंत. मग काड्या कंबरेला खोचल्या आणि माझ्याकडे वळली.

"आपल्याकडे अशी कोणतीही परंपरा नाही ना, आत्या?"